कडकट्टपासून कळफलकापर्यंत : संगणक आणि मोर्सची लिपी

आपल्यापैकी ज्यांचे वडील किंवा आजोबा कापूस, भुसार अथवा सराफीच्या पेढीवर बसत, त्यांना ‘तार आली’ या दोन शब्दांचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. तार म्हणजे परगावच्या बाजाराचा भाव, माल रवाना झाल्याची खबर किंवा घरातील सुखदुःखाची वर्दी. शब्दागणिक आकार पडत असल्याने तार लिहिताना बोलका माणूसही मितभाषी होई. ही सेवा आपल्या देशात १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आदल्या दिवशी, केवळ आठवण म्हणून एखादी तार करावी यासाठी, ठिकठिकाणच्या तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या.

त्या दिवशी सेवा बंद झाली, पण जिच्या आधाराने ती उभी राहिली ती मोर्सची लिपी मात्र संपली नाही. तारघरातून ती त्याच्या पुष्कळ आधी निघून गेली होती, कारण तिची जागा प्रथम टेलिप्रिंटरने आणि मग संगणकाने घेतली होती. नवलाची गोष्ट अशी की, ज्या संगणकाने तिला तारघरातून बाहेर काढले, त्याच संगणकाने तिला आज घराघरांत येण्याची वाट करून दिली आहे. मोर्सचे एक अक्षरही न शिकलेला माणूस आज कळफलकावर मजकूर टाइप करून तो मोर्समध्ये पाठवू शकतो आणि समोरून आलेला कडकट्ट पडद्यावर अक्षररूपात वाचू शकतो. मात्र यंत्राने वाचून दाखविलेला मजकूर कितपत खरा मानावा, हा प्रश्न उरतोच. पैशाच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या आपणा मंडळींना हा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. म्हणून या विषयाची ओळख त्याच अंगाने करून देण्याचा येथे विचार आहे.

लिपीचा हिशेब

सॅम्युअल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने पहिला जाहीर संदेश पाठविला. लिपी सिद्ध करण्यात त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांचा मोठा वाटा होता. कोणते अक्षर इंग्रजीत किती वेळा येते हे ठरविण्यासाठी व्हेल यांनी छापखान्यातील खिळ्यांची संख्या पाहिली, असे सांगतात. जे अक्षर वारंवार लागते त्याला छोटी खूण आणि जे क्वचित लागते त्याला लांब खूण, असा हा व्यापारी काटकसरीचा विचार होता. म्हणून इंग्रजीतील ‘ई’ला केवळ एक टिंब आणि ‘टी’ला केवळ एक रेघ मिळाली. पुढे युरोपात या लिपीत सुधारणा झाल्या आणि १८६५ साली तिचे आंतरराष्ट्रीय रूप मान्य झाले. आज संगणक वापरतो ते हेच रूप.

या लिपीत टिंब आणि रेघ एवढेच असते असा समज आहे, पण तो अपुरा आहे. तिच्यात मौनही मोजलेले असते. टिंबाला एक माप धरले तर रेघ तीन मापांची असते. एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक माप, दोन अक्षरांमध्ये तीन मापे आणि दोन शब्दांमध्ये सात मापे शांतता ठेवावी लागते. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात. त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ‘पी’ची ११ मापे, ‘ए’ची ५, ‘आर’ची ७, ‘आय’ची ३ आणि ‘एस’ची ५, अशी एकूण ३१ मापे झाली. त्यांत अक्षरांमधील चार मोकळ्या जागांची १२ आणि शब्दानंतरच्या शांततेची ७ मिळविली की बेरीज बरोबर ५० येते. मिनिटाला २० शब्द असा वेग असेल तर मिनिटात १,००० मापे बसतात. म्हणजे एक टिंब ०.०६ सेकंदाचे आणि एक रेघ ०.१८ सेकंदाची होते. संगणकाचे सारे काम या छोट्याशा कोष्टकावर चालते.

यंत्राकडून कानाकडे, कानाकडून यंत्राकडे

मोर्स यांच्या मूळ यंत्रात कान लावून ऐकण्याची योजना नव्हती. येणाऱ्या खुणा कागदाच्या सरकत्या पट्टीवर उमटत आणि कारकून त्या डोळ्यांनी वाचून अक्षरे लिही. परंतु यंत्राचा आवाज रोज कानावर पडून तारमास्तरांना पट्टीकडे न पाहताच मजकूर कळू लागला. प्रारंभी काही ठिकाणी वरिष्ठांना ही गोष्ट रुचली नाही, कारण पट्टी हा लेखी पुरावा होता आणि कानाचा काही पुरावा नसतो. तरीही ऐकून लिहिणे अधिक वेगाचे ठरले. हळूहळू पट्टी मागे पडली आणि कडकट्ट ऐकणारा कान हीच तारमास्तराची खरी पात्रता झाली.

पुढे बिनतारी संदेशवहन आले. जहाजे, विमाने आणि सैन्य यांनी ही विद्या जवळ केली. समुद्रावरील संकटसंदेशांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे अमलात आली आणि जहाजांवरूनही मोर्सची सक्ती गेली. उरले ते मुख्यतः हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यांच्या टेबलावर संगणक आला तेव्हा एक वर्तुळ पुरे झाले. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर एक सरकते चित्र दिसते. त्याला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, म्हणतात. या चित्रात प्रत्येक केंद्राचे संकेत टिंबे आणि रेघा होऊन खाली उतरताना दिसतात. मोर्स यांची ती कागदी पट्टीच जणू पडद्यावर परत आली आहे!

संगणक पाठवितो कसे?

पाठविण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. ‘एफएलडिजी’ नावाचे एक विनामूल्य सॉफ्टवेअर या क्षेत्रात फार वापरले जाते. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर ते चालते. आपण चौकटीत मजकूर टाइप करावा, वेग ठरवावा आणि ‘पाठव’ म्हणावे. संगणक कोष्टकातून प्रत्येक अक्षराची खूण काढतो. त्यानंतर तो एकतर ध्वनी निर्माण करून रेडिओला देतो, नाहीतर एका छोट्या जोडणीमार्फत रेडिओची कळ स्वतः दाबतो व सोडतो. नेहमी लागणारी वाक्ये आधीच साठवून ठेवता येतात, म्हणजे एक बटण दाबताच पूर्ण वाक्य रवाना होते.

येथे एक मौजेची अडचण उद्भवली. संगणक एका वेळी अनेक कामे सांभाळतो. मध्येच तो दुसऱ्या कामाकडे वळला तर टिंब किंचित लांबते किंवा रेघ डळमळते. ०.०६ सेकंदाच्या व्यवहारात तेवढी ढिलाईही कानाला खटकते. यावर उपाय म्हणून ‘विनकी’ यांसारख्या छोट्या चिप निघाल्या. संगणकाने अक्षर सांगायचे आणि चिपने दुसरे कोणतेही काम न करता केवळ वेळ पाळायचा. मालकाने हुकूम द्यावा आणि मापाडी मात्र वेगळा नेमावा, तसाच हा प्रकार झाला.

संगणक वाचतो कसे?

वाचणे मात्र खरोखर अवघड आहे. रेडिओतून येणारा आवाज संगणकाचे साऊंड कार्ड दर सेकंदाला हजारो वेळा मोजते आणि त्याचे आकडे करते. सेकंदाला ८,००० नमुने धरले तर आपल्या ०.०६ सेकंदाच्या टिंबाच्या वाट्याला ४८० नमुने येतात. या आकड्यांतून पहिल्या पायरीवर आपल्याला हवा तेवढाच स्वर गाळून घेतला जातो. दुसऱ्या पायरीवर त्या स्वराची पातळी पाहून ‘आवाज आहे’ किंवा ‘नाही’ असा निर्णय होतो. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक आवाजाची आणि प्रत्येक शांततेची लांबी मोजली जाते. चौथ्या पायरीवर छोट्या लांबीला टिंब आणि मोठ्या लांबीला रेघ ठरवून कोष्टकात अक्षर शोधले जाते. पाठविणाऱ्याचा वेग आधी ठाऊक नसतो. त्यामुळे सॉफ्टवेअर चालता चालता तो अंदाजाने धरते आणि सुधारीत जाते.

पाठविणारे यंत्र असेल, संकेत स्पष्ट असेल आणि शेजारी दुसरे केंद्र बोलत नसेल, तर हे वाचन जवळजवळ निर्दोष होते. काही सॉफ्टवेअर याही पुढे गेली आहेत. ॲलेक्स शोव्कोप्लियास यांचे ‘सीडब्ल्यू स्किमर’ रेडिओच्या एका पट्ट्यातील अनेक संकेत एकाच वेळी वाचते. एकाच दालनात शेकडो माणसे बोलत असावीत आणि एकट्या कारकुनाने सर्वांचे बोलणे टिपून घ्यावे, असे हे काम आहे. याच सॉफ्टवेअरच्या साहाय्याने जगभरच्या स्वयंसेवकांनी ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ उभे केले आहे. आपला संकेत कोणत्या देशात किती जोरकसपणे पोहोचला, हे त्यावरून काही क्षणांत समजते. एवढे काम मनुष्याच्या कानाने होणे नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

चाळीसचे पन्नास

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोर्समध्ये ‘४’ हा अंक म्हणजे चार टिंबे आणि एक रेघ, तर ‘५’ म्हणजे पाच टिंबे. संकेत क्षणभर क्षीण झाला आणि शेवटची रेघ अर्ध्यावर तुटली तर तिचे टिंब होते. मग पडद्यावर चाळीस हजारांचे पन्नास हजार उमटतात आणि ते इतके स्वच्छ उमटतात की शंका यावी असे त्यात काही दिसत नाही. रेघ पूर्ण राहिली पण आधीचे एक टिंब हरवले तर ‘४’च्या जागी ‘व्ही’ हे अक्षर येते. ही चूक निदान डोळ्यांना टोचते. जी चूक बरोबर उत्तरासारखी दिसते तीच अधिक घातक, हे हिशेबतपासनीसांना सांगावयास नको.

मौनाची चूक तर याहूनही सूक्ष्म आहे. ‘ए’ म्हणजे टिंब आणि रेघ. या दोहोंमध्ये पाठविणाऱ्याचा हात किंचित रेंगाळला तर संगणक ‘ई’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरे लिहून मोकळा होतो. माणसाचा हात घड्याळासारखा चालत नाही. प्रत्येकाची स्वतःची लकब असते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश ऐकणाऱ्या चालकांना, पलीकडे कोणता माणूस कळ दाबीत आहे हे नुसत्या लकबीवरून ओळखता येई. कानाला जी ओळख वाटते, तीच संगणकाला अनियमितता वाटते. आणखी गंमत म्हणजे, कोणीच बोलत नसले आणि नुसती खरखर चालू असली, तरी सॉफ्टवेअर ‘ई’, ‘टी’, ‘आय’ अशी अक्षरे लिहीत बसते. खरखरीतील छोटासा कडाका त्याला टिंब वाटतो. रिकाम्या जागी अक्षरे वाचणारा कारकून आपण कामावर ठेवला नसता!

जुन्या व्यवहारात या धोक्यावर उपाय योजलेले होते. १८७० साली मुंबई समुद्रतळावरच्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली आणि परदेशच्या बाजाराची खबर लवकर मिळू लागली. पण शब्दाचा दर भारी होता. म्हणून व्यापाऱ्यांनी संकेतकोश वापरले. १९०६ साली निघालेल्या ‘बेंटली’च्या कोशात पूर्ण वाक्यासाठी पाच अक्षरांचा एक संकेतशब्द असे. यात पैसा वाचे, परंतु एक अक्षर बदलले तर वाक्याचा अर्थच बदलण्याचा धोका असे. ज्याला अशी जोखीम नको असेल त्याला जादा आकार भरून संपूर्ण तार पुन्हा उच्चारून पडताळून घेण्याची सोय होती.

बँकेत आम्ही तारेने रक्कम पाठवीत असू तेव्हाही हेच तत्त्व होते. तारेत रकमेबरोबर एक परीक्षांक जाई. रक्कम, तारीख, शाखा अशा बाबींना गुप्त पुस्तकातील आकडे लावून त्यांची बेरीज करीत आणि तो अंक तयार होई. पलीकडील शाखा तीच बेरीज स्वतः करून पाही. अंक जुळला तरच रक्कम जमा होई, नाहीतर तार बाजूला ठेवून विचारणा होई. तार कोणी आणून दिली किंवा अक्षर किती सुवाच्य आहे, याला काहीच महत्त्व नसे. मोर्सच्या लिपीत मुळात अशी तपासणी नाही. ती वापरणाऱ्यानेच बाहेरून आणावी लागते. म्हणून जाणते रेडिओचालक अंक आणि नावे दोनदा पाठवितात, शंका आल्यास पुन्हा विचारतात आणि पडद्याकडे पाहत असतानाही कान उघडा ठेवतात. संकेत क्षीण असतो किंवा हात वाकडातिकडा चालतो, तेथे मुरलेला कान आजही पुष्कळदा संगणकाच्या पुढे जातो. कारण कान नुसती लांबी मोजीत नाही, तर वाक्यात पुढे काय येणे संभवते हेही जाणतो.

घरी करून पाहता येण्याजोगे

रेडिओवरून संदेश पाठविण्यासाठी शासनाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वयाची १२ वर्षे पूर्ण असावी लागतात. परंतु घरातल्या घरात एका संगणकाच्या ध्वनिवर्धकातून मोर्स वाजविणे आणि दुसऱ्याने ते वाचणे, यात रेडिओलहरींचा संबंध येत नाही. सुटीत नातवंडांबरोबर हा प्रयोग अवश्य करावा. प्रथम यंत्राने पाठविलेले वाक्य यंत्राकडून वाचून घ्यावे. मग तेच वाक्य मुलांना टिचकीने वाजवू द्यावे आणि पडद्यावर काय येते ते पाहावे. त्यानंतर पंखा आणि मिक्सर चालू करून पाहावे. संगणक कोठे चुकतो आणि का चुकतो, हे अर्ध्या तासात मुलांच्या ध्यानात येईल. यंत्राचे उत्तर पडताळून घ्यावे, ही सवय याच वयात लागलेली बरी. एक मर्यादा मात्र आहे. ही सॉफ्टवेअर बहुधा रोमन अक्षरेच जाणतात, म्हणून मराठी शब्द त्या अक्षरांतच लिहावा लागतो.

शिकण्यासाठीही संगणक उत्तम गुरू आहे. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात एक पद्धत मांडली. तिच्यात आरंभी दोनच अक्षरे घेतात, पण ती पूर्ण वेगाने ऐकवितात. शंभरातील नव्वद अक्षरे बरोबर येऊ लागली की तिसरे अक्षर घ्यायचे. टिंबे-रेघा मोजण्याची सवय लागू न देता अक्षराचा नाद ओळखायला शिकविणे, हा तिचा गाभा आहे. रोज त्याच वेगाने न थकता अक्षरे ऐकविणारा आणि लगेच गुण देणारा शिक्षक पूर्वी दुर्मीळ होता. आज तो विनामूल्य मिळतो.

जेथे एक हालचाल पुरते

आतापर्यंतचे सारे हौसेचे झाले. पण या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि हा लेख लिहिण्याचे खरे प्रयोजन तीच आहे. मोर्सला लागते काय? सुरू होणारी आणि थांबणारी कोणतीही एक हालचाल. १९६६ साली उत्तर व्हिएतनामच्या कैदेत असलेले अमेरिकी वैमानिक जेरेमाया डेंटन यांना चित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे बसविण्यात आले. तोंडाने ते प्रश्नांची उत्तरे देत होते आणि पापण्यांच्या उघडझापीने मोर्समध्ये ‘छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सांगत होते. तोंड बंद झाले तरी पापणी बोलू शकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

टानिया फिनलेसन यांना जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणे आणि हाताने टाइप करणे त्यांना शक्य नव्हते. डोक्याच्या हालचालीने दाबल्या जाणाऱ्या दोन बटणांवरून त्या मोर्स लिहू लागल्या आणि संगणक त्याचे शब्द करून बोलू लागला. पुढे त्यांच्याच सहकार्याने गूगलने २०१८ साली आपल्या ‘जीबोर्ड’ या मोबाइलच्या कळफलकात मोर्सची सोय केली. पडद्यावर एक टिंब आणि एक रेघ, अशी दोनच मोठी बटणे येतात. बोटाने ती दाबता आली नाहीत तर बाहेरून जोडलेली बटणे चालतात. ती हाताने, पायाने, डोक्याने, ज्याला जसे जमेल तसे दाबावे.

आपल्या एकत्र कुटुंबांत आजारी वडीलधारी माणसे आणि विशेष गरजा असलेली मुले घरातच सांभाळली जातात. त्यांपैकी कोणाची बुद्धी आणि भाषा शाबूत असेल, परंतु जीभ आणि हात साथ देत नसतील, तर हा मार्ग पाहण्यासारखा आहे. आजाराने भाषाच हरपली असेल तर मात्र याचा उपयोग नाही. तो फरक वाचा-उपचारतज्ज्ञच सांगू शकतात, म्हणून त्यांचा सल्ला आधी घ्यावा. मोर्स शिकण्यास काही आठवडे लागतील आणि तेवढा धीर रुग्णाइतकाच घरच्यांनाही ठेवावा लागेल. शक्य तर घरातील एखाद्याने सोबत शिकावे, म्हणजे वीज गेली तरी हातावरच्या टिचक्यांनी संवाद चालू राहील.

अशा सॉफ्टवेअरमध्ये एक मांडणी हमखास तपासावी. एक खूण झाल्यानंतर, अक्षर पूर्ण झाले असे मानण्यापूर्वी संगणकाने किती थांबावे, हे आपल्याला ठरविता येते. रेडिओवर संगणक माणसाच्या मौनाला चुकीचे माप लावतो, पण येथे ते माप आपल्या हाती आहे. ज्याचे बोट सावकाश चालते त्याच्यासाठी ते वाढवावे आणि सराव होईल तसे कमी करावे. पहिल्या दिवशी एकच शब्द लिहून झाला तरी पुष्कळ समजावे. काय लिहिले ते मोठ्याने वाचून, ‘हेच म्हणायचे होते ना?’ असे त्या व्यक्तीला विचारावे आणि तिच्या होकाराची वाट पाहावी.